चूलबंद आवतनाची चाचणी

"बुधवारी संध्याकाळपर्यंत आपला कनेक्टर साऱ्या जगाला खुला झालेला असेल! लिहून ठेवा!" असं नवीनने सोमवारी सकाळी तोंडात ब्रश असतानाच जाहीर करून टाकलं. वडील निंबा आबा ओट्यावरून "बरं" म्हणाले. आई सुनंदाबाई म्हणाली, "आधी चूळ भर." बायको मोनालीने त्याच्या हातात चुळीचा तांब्या दिला. धुळ्याहून लग्न होऊन आल्यापासून नवऱ्याचे असे पुष्कळ बुधवार तिने पाहिले होते.

नवीन असोद्याचा. घरची केळी, थोडी कपाशी, आणि नोकरी जळगावच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत. रोज मोटारसायकलने जाऊन-येऊन. कंपनीचं काम लो-कोडचं. म्हणजे कोड लिहीत बसायचं नाही. पडद्यावर चौकोन ओढायचे, एकाला एक जोडायचे, झालं ॲप तयार! पण या चौकोनांना बाहेरच्या जगाशी बोलता येत नाही. त्यासाठी सोयरीक जुळवणारा असतो तसा एक मध्यस्थ लागतो. इकडचं तिकडे सांगायचं, तिकडचं इकडे, आणि दोन्हीकडे चहा प्यायचा. या मध्यस्थाला म्हणायचं कनेक्टर. नवीनने असा एक स्वतःच्या डोक्याने बनवला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं 'आवतन'.

आवतन म्हणजे जेवणाचं निमंत्रण, एवढं कोणालाही ठाऊक असतं. त्यातला कायदा मात्र ठाऊक नसतो. असोद्यात आवतन दोन प्रकारचं. 'घरटी एक' असेल तर घरातल्या एकाने जायचं. बाकीच्यांनी खिचडी खायची आणि तो परत आल्यावर 'गोड काय होतं' म्हणून विचारायचं. आणि 'चूलबंद' असेल तर सारं घर जाणार! म्हातारी, तान्हं, कालच आलेला पाहुणा, सगळे. त्या वेळेला त्या घरात चूल पेटवायची नाही. पेटवली तर बोलावणाऱ्याचा अपमान. बरं, आवतन मिळालं म्हणून कोणी लगेच उठून चालू लागत नाही. पानं वाढली की यजमानाकडच्या माणसाने पुन्हा घरोघर जाऊन 'चला' म्हणायचं. ते बोलावणं. बोलावण्याआधी जो आला, तो हावरट!

गावात कोणाकडेही पंगत असली की आवतन आणि बोलावणं, दोन्ही निंबा आबांनीच करायचं. त्यांना कोणी नेमलं नव्हतं. त्यांच्या आवाजाने त्यांना नेमलं होतं. एका आळीत त्यांनी "कोन हाये घरात?" म्हटलं की पलीकडच्या आळीतल्या बाया पदर सावरायला लागायच्या. उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या, हाक मारायची, आवतन सांगायचं आणि आतून 'येतो' ऐकू आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, ही आबांची रीत. लहानपणी नवीन त्यांचं बोट धरून या फेरीला जायचा. दर घरी हातावर काहीतरी पडायचं, कुठे गुळाचा खडा, कुठे मूठभर शेंगदाणे. फेरी संपेपर्यंत त्याचे दोन्ही खिसे फुगलेले असायचे आणि आपला बाप गावचा राजा आहे, अशी त्याची खात्री झालेली असायची.

पुढे आबांचे गुडघे गेले आणि फेरी बंद पडली. आवतनं मोबाइलवर येऊ लागली, गणपतीच्या चित्रासकट. लोक खाली जोडलेले हात टाकायचे आणि जेवायला यायचेच नाहीत. आबा ओट्यावर बसल्या बसल्या म्हणायचे, "चित्राले कोन 'येतो' म्हनीन रे?" त्यातूनच नवीनला हा कनेक्टर सुचला. यजमानाने ॲपमध्ये चार चौकटी भरायच्या: कोणाकडे, कधी, काय जेवण, कुठलं आवतन. कनेक्टरने ते फोन लावणाऱ्या एका सेवेच्या कानावर घालायचं. आणि त्या सेवेने घरोघर फोन लावून ते ऐकवायचं, तेही आबांच्या आवाजात!

आवाज तुकड्या-तुकड्यांनी भरून घ्यायचा होता. पण मोबाइल पुढे धरला की आबांची गाडी "हॅलो, हॅलो"च्या पुढे सरकेना. शेवटी नवीनने आईला स्वयंपाकघरात बसवलं आणि आबांना दाराबाहेर उभं केलं. आबांनी चपला काढल्या. मग काय विचारता! "कोन हाये घराऽऽत? निंबा आवतन घेऊन आलाऽऽ!" आईने भाकरी थापता थापता "कोन ते?" म्हटलं, तसा आवाज आणखी चढला. शेजारच्या इंदिराबाई पळत आल्या. "कोनाकडे हाये वं?" त्यांना समजावून परत पाठवताना आईने डोळ्यांना पदर लावला. घरात त्या दिवशी कांदा नव्हता, म्हणून मुद्दाम सांगितलं.

यादीही आबांनीच सांगितली. डोळे मिटून, फेरीच्या वाटेने, घरामागून घर. एका घरापाशी ते अडखळले.

"लोटन," ते हळूच म्हणाले. "घे. त्याचं बी घे."

लोटन नाना चार घरं सोडून राहायचे. एके काळी आबांचे जिवाभावाचे दोस्त. आबांच्या घरभरणीला त्यांना चूलबंद आवतन होतं. पण त्या दिवशी आबा स्वतः वाढण्यात गुंतलेले, म्हणून बोलावण्याला त्यांनी भाच्याला धाडलं. भाचा वाटेत कुठे रमला, देव जाणे! लोटन नाना धुतलेले कपडे घालून, बायको-पोरांसह, थंड चुलीपाशी दिवेलागण होईपर्यंत बसून राहिले आणि गूळ-शेंगदाणे खाऊन झोपले. दुसऱ्या दिवशी आबा हात जोडत गेले, तर नाना म्हणाले, "निंबाचं आवतन खोटं निघालं, बस!" झालं, तेव्हापासून बोलणं बंद. नाना आबांच्या ओट्यासमोरून जाताना नेमके खोकायचे, एवढाच काय तो संबंध.

"एक सांगून ठेवतो," यादी संपल्यावर आबा म्हणाले. "माह्या आवाजात खोटं आवतन जायले नको. साऱ्या हयातीत एकच बोल लागला मले, तो लोटनचा. दुसरा लागला तर मी या ओट्यावर कसा बसू?"

"आबा, यंत्र आहे ते! यंत्र कसं खोटं बोलेल?" नवीन म्हणाला. बोलायला काय जातं!

आता कनेक्टर प्रसिद्ध करायचा, तर तो आधी त्या लो-कोडवाल्या बड्या कंपनीकडे पाठवावा लागतो. तिथला परीक्षक तो तपासतो आणि मग तो सगळ्यांसाठी खुला होतो. अटी अशा, की चिन्हामागचा रंग पांढरा नको, वर्णनाचं शेवटचं वाक्य पूर्णविरामानेच संपायला हवं आणि कनेक्टरच्या नावात 'कनेक्टर' हा शब्द नको! नवीनने सगळं निमूटपणे केलं. शेवटची अट होती, प्रत्येक चौकटीसाठी एक नमुना उत्तर द्या आणि तपासणीसाठी चालू खातं जोडा.

नवीनने नमुना भरला. कोणाकडे? निंबा आबांकडे. कधी? आज, दिवस मावळताना. जेवण? भरीत-पुरी. आवतन? चूलबंद! आणि परीक्षकावर छाप पडावी म्हणून खात्याला सारं गाव जोडलं, वर धुळ्याची सासुरवाडीही जोडली.

मोनाली मागून बघत होती. "अहो, खरी यादी कशाला? त्याने बटण दाबलं म्हणजे?"

नवीन पोट धरून हसला. "अगं, तपासणी म्हणजे काय असतं? आमच्या शाळेत साहेब यायचे. पोहे खायचे, फळा किती काळा आहे ते बघायचे आणि सही ठोकून जायचे. आजवर कोणी काही तपासलंय का?"

तपासणारा खरोखर तपासतो, हे बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं!

बुधवार उजाडला. नवीन ऑफिसला जाताना पेढ्यांचा पुडा घेऊनच गेला. दुपारी पुडा सोडणार, तोच आईचा फोन आला.

"कारे, आज आपल्याकडे काय हाये?"

"काय आहे?"

"मले काय इचारतो? इंदिराबाई ताट-तांब्या घासून बसल्या. निंबाभाऊचं चूलबंद आवतन आलं म्हने! भरीत हाये म्हने! मी इकडे मुगाची दाळ शिजाले टाकली ना!"

नवीनच्या हातातला पेढा हातातच राहिला. त्याने धडपडत पडदा उघडला. परीक्षकाने बटण दाबलं होतं. तो बघत असतानाच पुन्हा दाबलं. मग पुन्हा! प्रत्येक दाबणीला सारं गाव आणि अर्धं धुळं "कोन हाये घरात?" ऐकत होतं. सेवा बंद करायची तर तिचा पासवर्ड घरच्या लॅपटॉपमध्ये. नवीनने हेल्मेट उलटं घातलं, सुलटं केलं आणि गाडीला किक मारली.

गावाच्या तोंडाशीच पुनाभाऊंनी बैलगाडी आडवी घातली. "नवीनभाऊ, मानलं तुमच्या बापाले! दुपारपासून फोनवर फोन! माह्या सख्ख्या सासऱ्यानं बी एवढा आग्रह केला नाई कधी!"

"पुनाभाऊ, ते जरा..."

"अरे, येतो, येतो! पहिल्याच फोनले म्हटलं 'येतो', तरी पुन्हा आला. पुन्हा म्हटलं 'येतो', तरी पुन्हा! मंग माह्या ध्यानात आलं, निंबाभाऊ मनावर घेऊन बसला हाये. माह्या बायकोनं चुलीवर पानी मारलं."

वाटेत भेटलेला प्रत्येक माणूस हेच सांगत होता. एकदा बोलावलं तर ती रीत, दोनदा बोलावलं तर प्रेम, आणि त्याहून जास्त वेळा बोलावलं तर न जाणं म्हणजे वैर! ज्यांना बरं नव्हतं त्यांनीही अंघोळी केल्या होत्या.

घरी ओट्यावर आबा फोन कानाला लावून बसले होते. यादीत त्यांचं स्वतःचं घरही होतंच.

"कोन हाये घरात?" फोन म्हणाला.

"मी हाये!" आबा ओरडले.

"निंबा आवतन घेऊन आला!"

"अन् मंग मी कोन हाये?" आबांनी फोन खाली ठेवला आणि नवीनकडे पाहिलं. "आवाज माहाच हाये रे. पन मी तर अजून कोनाले काई सांगितलंच नाई!"

नवीनने आत जाऊन आधी पासवर्ड मोबाइलमध्ये घेतला, सेवा बंद केली, मग बाहेर येऊन सगळं सांगितलं. सांगताना त्याची मान इतकी खाली गेली होती की तो आबांशी नाही, स्वतःच्या बुटांशी बोलतोय असं वाटावं. "आबा, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना पाठवतो. चुकून गेलं, आवतन रद्द."

आबा ताडकन उठले. गुडघ्यांचीही त्यांना आठवण राहिली नाही. "रद्द? आवतन रद्द? अरे, या गावात लग्न मोडलं तरी मांडवातलं जेवन रद्द झालं नाई! गावभर चुली थंड पडल्या माह्या नावानं. तिकडे लोटन आयकत असीन. त्याले तर हेच पाह्यजे, निंबा दुसऱ्यांदा खोटा निघाला!" बोलता बोलता त्यांचा आवाज कापायला लागला. मघाशी फोनवर गर्जणारा तो हाच आवाज! नवीनला कधी नव्हे ते रडू आलं.

"रडतो काय? वांगे पाह्य!" आई आतून कडाडली. तिने मुगाची डाळ उतरवून बाजूला ठेवली होती आणि पदर खोचला होता.

मग जी पळापळ झाली ती विचारू नका. पुनाभाऊंच्या शेतात वांगी होती, असोद्याची हिरवी, मोठाली. पुनाभाऊ म्हणाले, "मीच पाहुना अन् मीच वांगे तोडू?" आणि तोडायला बसले. नवीनने कपाशीच्या काड्यांचे भारे आणून अंगणात जाळ केला. ऑफिसात जो माणूस चौकोन ओढायचा, तो आता जळती वांगी ओढत होता. मोनालीने लसूण सोलायला घेतला आणि "मी म्हटलं होतं" हे वाक्य एकदाही उच्चारलं नाही. नवीनला ते जास्त लागलं.

पण एवढ्या पुऱ्या लाटणार कोण? आई कणकेच्या डोंगराकडे बघत उभी राहिली. तेवढ्यात इंदिराबाई आल्या, पोळपाट-लाटणं घेऊन. "आज घरी चूल नाई, काम नाई. रिकामं बसून करू काय? म्हटलं चला." त्यांच्या मागून आणखी बाया आल्या, आणि त्यांच्याही मागून आणखी. साऱ्या गावाच्या चुली बंद, म्हणजे साऱ्या गावाचे हात मोकळे! बघता बघता अंगण भरलं. कोणी पुऱ्या लाटतंय, कोणी मिरच्या भाजतंय, कोणी पातीचा कांदा चिरतंय. पाव्हण्यांनीच स्वयंपाक चालवलेली ही गावातली पहिलीच पंगत असावी. लाकडी बडगीत भरीत ठेचायचा धप्-धप् आवाज सुरू झाला आणि तो वास आळीभर गेला. नवीनला एकदम लहानपणची पंगत आठवली, मांडवात पळणारी पोरं आठवली, आणि आपण आत्ता संकटात आहोत हे तो घटकाभर विसरूनच गेला.

ती आठवण करून द्यायला धुळ्याहून टेम्पो आला! पुढे बसलेले मोनालीचे वडील, भटू आप्पा, उडी मारून उतरले.

"जवाई! काय शे आज? चूलबंद शे म्हने! बठ्ठासले लई उनू!"

बठ्ठे म्हणजे सगळे, आणि खरंच सगळे उतरले. चुलते, मामा, मोनालीच्या मावशीची नणंद. आप्पांनी भरीत हुंगलं आणि जाहीर केलं, "आते पुढली येळ मनाकडे! धुळाले! बठ्ठासनी येवानं!" पुढची पंगत आप्पांच्या घरी, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. या वाक्यावर नवीनने तेव्हा लक्ष दिलं नाही.

दिवस मावळला. केळीची पानं मांडली. आबा म्हणाले, "नवीन, बोलावनं कर." तो आळीतून फिरून आला, पण अर्धा गाव आधीच अंगणात पुऱ्या तळत होता, त्यामुळे फार हाका मारायची वेळच आली नाही. पंगत बसली. पहिला घास घेतला आणि पुनाभाऊंनी डोळे मिटले. सगळं सुखरूप पार पडलं होतं, फक्त आबा जेवायला बसत नव्हते. ते हातात काठी धरून रस्त्याकडे बघत उभे होते.

"लोटन दिसत नाई," ते म्हणाले.

नवीन धावत गेला. लोटन नाना स्वतःच्या ओट्यावर बसले होते. इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी, शेजारी घासलेलं ताट आणि तांब्या. आत चूल थंडगार. नवीनला घरभरणीची गोष्ट आठवली.

"नाना, मघाशी हाक मारून गेलो ना मी! चला ना, पानं वाढली!"

"तू आल्ता. भाचा येनार व्हता, आता पोरगा आला." नाना शांतपणे म्हणाले. "आवतन त लय आले. फोन तापला माहा. निंबाचं बोलावनं कुठी हाये?"

नवीनला युक्ती सुचली. कनेक्टरमध्ये 'बोलावणं' असंही एक बटण होतं. त्याने पाठ फिरवली, मोबाइलवरून सेवा क्षणभर चालू केली, एकट्या नानांचं नाव निवडलं आणि बटण दाबलं. हीच अक्कल सोमवारी सुचली असती तर! नानांच्या खिशात फोन वाजला. "कोन हाये घरात? चला, पानं वाढली!"

नानांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि फोन पुन्हा खिशात ठेवला. "आवाज निंबाचाच हाये," ते म्हणाले. "निंबा कुठी हाये?"

नवीनने पडद्यावरचे सगळे चौकोन वर-खाली करून पाहिले. त्यांत निंबा कुठेच नव्हता.

तेवढ्यात मागे काठी वाजली. आबा येत होते. चार घरांचं अंतर, पण दर घरापाशी थांबून गुडघा चोळत. नवीन हात द्यायला पुढे झाला, तर त्यांनी त्याला काठीनेच बाजूला सारलं. उंबऱ्यापाशी आले. वाकून, हळूहळू, एक चप्पल काढली, मग दुसरी. नाना त्यांच्यासमोर दोन हातांवर बसलेले, तरी आबांनी दाराकडे तोंड केलं आणि हाक दिली.

"कोन हाये घरात?"

आवाज पूर्वीसारखा नव्हता. मध्येच फाटला. नाना ओट्यावर उठून उभे राहिले.

"मी हाये," ते म्हणाले. "कोन ते?"

"निंबा. पान वाढलं लोटन. चाल."

आबा तिथेच उभे राहिले, रीतीप्रमाणे, उत्तराची वाट बघत. नानांनी टोपी काढली, पुन्हा घातली, डोळे पुसले.

"येतो," ते म्हणाले. मग ताट बगलेत मारून ओट्यावरून उतरता उतरता कुरकुरले, "त्या दिवशी बी एवढंच करायचं व्हतं, गध्या!"

"चुकलो ना बाप्पा!"

दोघं म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर भार टाकून निघाले. कोण कोणाला सावरत होतं ते कळत नव्हतं. नवीन मागून आबांच्या चपला हातात घेऊन चालत होता, कारण आबा त्या घालायला विसरले होते.

पंगतीत आबा आणि नाना एकाच पानावर बसले. नानांची पहिली पुरी संपते न संपते, तोच नवीनच्या फोनवर मेल आली. परीक्षकाची! सारी पंगत त्याच्याकडे वळली. नवीनने मोठ्याने मराठीत सांगायला सुरुवात केली.

"आपला कनेक्टर तूर्त नाकारण्यात येत आहे. निरोप पाठवल्यावर पलीकडून काहीच उत्तर परत येत नाही. आम्ही पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. निरोप कोणापर्यंत पोहोचतो, असं वाटत नाही."

अंगणभर बसलेल्या, बोटं चाटणाऱ्या गावाकडे नवीन नुसता बघत राहिला.

"मंग बरोबर हाये त्याचं!" आबा मांडीवर थाप मारून म्हणाले. "मी उंबऱ्यावरून 'येतो' आयकल्याशिवाय हलत नसे, अन् तुह्या यंत्रात 'येतो' घ्यायची सोयच नाई! म्हनून तो बिचारा दिवसभर हाका मारत बसला. जानकार मानूस दिसते. कुठचा हाये रे? शेजारच्या भादलीचा?"

"एकदा तू बी माहं 'येतो' न आयकता पंगत बसवली व्हती," नाना घास चावता चावता म्हणाले.

"आता जेव ना मुकाट्यानं!"

"आणखी एक ओळ आहे," नवीन चाचरत म्हणाला. "दुरुस्ती करून पुन्हा पाठवा. आम्ही पुन्हा चाचणी घेऊ."

आईच्या हातातला झारा कढईत पडला.

कनेक्टर दुरुस्त व्हायला वेळ लागला नाही. आता फोनवर आबांची हाक झाली की माणसाच्या 'येतो'ची वाट बघितली जाते, आणि ते 'येतो' परीक्षकापर्यंत पोचतं. पुन्हा पाठवताना यादीत फक्त घरचे नंबर ठेवायचे, असं नवीनने पक्कं ठरवलं होतं. पण आबांनी ते ऐकलं आणि ओट्यावरूनच बजावलं, की एकदा यादीत आलेलं नाव काढणं म्हणजे त्या घराला वाळीत टाकणं. एकही नाव काढायचं नाही! त्यांच्या शेजारी बसलेल्या लोटन नानांनीही जोरजोरात मान हलवली. हल्ली ते रोज तिथेच असतात.

तेव्हा नवीनने यादी होती तशी ठेवली. जेवणाच्या चौकटीत वरणबट्टी टाकली. आणि 'कोणाकडे' या चौकटीत, आप्पांचा शब्द मोडू नये म्हणून, नवं नमुना उत्तर भरलं: भटू आप्पांकडे, धुळे.

आप्पांना हे अजून कोणी सांगितलेलं नाही.